सोळा मात्रांत न बसलेला ताप

वऱ्हाडात जाऊन आलो असे सांगितले की पुण्यातले लोक दोनच प्रश्न विचारतात : ऊन फार होते का, आणि संत्री आणली का. पौष महिना होता, तेव्हा ऊन नव्हते. उलट पहाटे दात वाजावेत अशी थंडी होती, फक्त वाजवायला माझ्यापाशी दात नव्हते. ती हकीकत पुढे येईल. संत्री आणली होती, ती शेजाऱ्यांनी खाल्ली. या वयात तिकडे गेलात कशाला, हा तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर बरीच वर्षे माझ्याकडे पडून आहे, म्हणून न विचारताच देतो.

तरुणपणी बारा-तेरा वर्षे मी अमरावतीला शाळामास्तर होतो. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. गावात माझी कवी म्हणून ख्याती होती, कारण पद्ये फुकट करून देणारा दुसरा कोणी नव्हता. साहेबाची बदली, वकिलाच्या मुलाची मुंज, गुरांचे प्रदर्शन, जे येईल त्यावर मी साक्या आणि दिंड्या पाडत असे. एका हिवाळ्यात देवी टोचण्याच्या खात्यातले डॉक्टर माझ्याकडे एक मजकूर घेऊन आले. मजकूर साधा होता. मुलांना देवी टोचून घ्या. टोचल्यावर ताप येतो, हात सुजतो, पण थोड्याच दिवसांत उतरतो, घाबरू नये. मग देवीच्या रोगाचे भय राहत नाही. याचे पद्य करून द्या, म्हणजे दवंडीवाल्याला म्हणता येईल आणि बायकांच्या लक्षात राहील, असे त्यांचे म्हणणे. मी त्याच संध्याकाळी करून दिले :

देवी टोचा, निर्भय व्हा हो, सुंदर राहिल काया;
ताप न काही, दुखणे नाही, सरकारी ही माया!

डॉक्टरांनी ते दोनदा वाचले. म्हणाले, "ताप न काही? पण ताप येतो हो." मी म्हणालो, "साकीच्या सोळा मात्रांत ताप आणि सूज बसत नाहीत." डॉक्टरांना मात्रा ठाऊक ती औषधाची, त्यांनी कागद घडी करून खिशात घातला. वरच्या साहेबांना 'सरकारी ही माया' फार आवडले. साकी छापली गेली आणि गावोगाव डफावर वाजली.

आमच्या घरी सखाराम माळी भाजी घालत असे. चांदूर बाजारच्या रस्त्यावर त्याचा मळा होता. एक दिवस तो टोपली उतरवून ओट्यावर बसला आणि म्हणाला, "मास्तर, हे गानं तुमीच लिवलं म्हनते. खरंच ताप येत नाई?"

मी म्हणालो, "छापले आहे ना?"

त्याने थोरल्या मुलीला, जनाला, टोचून आणले. तिला ताप आला, हात सुजला, पोर रात्रंदिवस कण्हत राहिली. कागद म्हणतो ताप नाही, आणि पोर तर फणफणली आहे. तेव्हा हा ताप टोचण्याचा नव्हे, मातामायचा कोप आहे, असा अर्थ मळ्यातल्या बायकांनी लावला. मातामाय म्हणजे देवीच्या रोगाची देवता. विचार केला तर त्यांचे चुकले नव्हते. मी दिलेल्या मजकुरातून दुसरा अर्थ निघतच नव्हता. पुढच्या हिवाळ्यात टोचणारे आले तेव्हा सखारामने धाकट्या किसनला वांग्यांच्या टोपल्यांमागे लपवले. त्या उन्हाळ्यात देवी आली. किसन वाचला, त्याचे डोळे गेले.

मी त्याच वर्षी पुण्याला नोकरी पाहून निघून गेलो. विचारणाऱ्यांना सांगितले की वऱ्हाडचे ऊन सोसत नाही.

अकोला

गेल्या मार्गशीर्षात अकोल्याहून वामनरावांचे पत्र आले. वामनराव माझा जुना विद्यार्थी, आता वकील आणि नगरपालिकेचा सभासद. पत्रात लिहिले होते, की तुमची साकी या हिवाळ्यात चौकाचौकांत पाट्यांवर रंगवून घेतो आहोत, पाट्या उघडायला तुम्हीच या. उत्तर पाठवूच नये असे मनात आले. गप्प राहण्याचा मला पंचवीसएक वर्षांचा सराव आहे. पण पाट्या म्हणजे पुन्हा तीच साकी, पुन्हा नवी लेकरे. निघालो.

अकोला स्टेशनवर वामनराव हार घेऊन उभे. पुण्यात पाहुण्याला आधी विचारतात, जेवून आलात ना? इकडे जेवून आलो म्हटले तर ते पहिले जेवण धरीत नाहीत. ज्वारीची भाकर, बेसनाच्या पातोडीचा झणझणीत रस्सा आणि वर तेलाची धार. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आले. वामनरावांना वाटले, जुन्या आठवणींनी आले.

तिसऱ्या प्रहरी शाळेत सत्कार झाला. चाळीसेक मुले ओळीने उभी राहिली, मास्तरांनी हात वर केला आणि मुले एका सुरात म्हणू लागली, "ताप न काही, दुखणे नाही..." पुढच्या रांगेतल्या एका पोराच्या गालावर देवीचे व्रण होते. तो सगळ्यांत खणखणीत म्हणत होता. मी खाली पाहत राहिलो, आणि अध्यक्षांनी भाषणात माझ्या नम्रतेचा गौरव केला.

घरी आल्यावर मी म्हणालो, "वामनराव, पाट्या पुसा."

"काय मास्तर! तुमचा विनय आमाले माहीत आहे."

विनयाचा आरोप माझ्यावर जन्मात प्रथमच होत होता. मी त्यांना सखारामची, जनाची, किसनची हकीकत सांगितली. ते ऐकत गेले तसे त्यांचे पान खाणे थांबले. पण वकील तो वकील.

"म्हणजे ताप येते असं पाटीवर लिहायचं? मास्तर, हलवाई दुकानावर लिहिते का, आमच्या पेढ्यानं पोट दुखते म्हणून? कोणती माय लेकरू घेऊन येईन?"

"पण ताप येतोच ना."

"येऊ द्या ना बाप्पा! तोवर टोचून झालेलं असते."

"आणि त्याच घरातले पुढचे लेकरू?"

यावर त्यांनी पानाचा डबा मिटला. मग म्हणाले, "एक माय दाखवा मले. ताप येईन हे आधी ऐकून आपल्या पायानं लेकरू घेऊन टोचाले गेली अशी. एकच. पाटी मी माझ्या हातानं पुसतो."

मला एकच घर ठाऊक होते. आणि खरे सांगायचे तर त्या घरासमोर उभे राहण्यापेक्षा पाट्या परवडल्या, असेही क्षणभर वाटले.

मूर्तिजापूर

अमरावतीला जायला बडनेऱ्याला उतरावे लागते, पण मी मूर्तिजापूरलाच उतरलो. म्हणजे उतरायचे नव्हते. गाडीच्या हिसक्यांनी माझी कवळी वाजते म्हणून मी ती काढून डबीत घातली होती आणि डबी पिशवीत. फलाटावर एक बाई बोरे विकत होती. दात काढून ठेवल्यावर बोरे घ्यायला उतरणारा मनुष्य किती विचारी असेल ते वाचकांनी ठरवावे. बोरे निवडता निवडता गाडी सुटली. पिशवी, दात आणि छत्री नागपूरच्या दिशेने गेली. मी आणि बोरे राहिलो.

बोरेवाली म्हणाली, "आता काय करसान बाबा बोरं घेऊन? चघळसान?"

पिशवी अकोल्याला वामनरावांकडे पाठवा, अशी स्टेशनमास्तरांनी पुढे तार केली आणि मला कापसाच्या गठाणींच्या सावलीत बसवले. पलीकडे छोट्या रुळांची गाडी खेळण्यासारखी उभी होती, तिच्यातूनही कापूस उतरत होता. बडनेऱ्याच्या पुढच्या गाडीला वेळ होता. रिकामा बसलो म्हणून जुनी खोड उठली. पाटीवर खरे लिहायचे ठरले, तर ती ओळ कशी करावी? बोटांवर मोजू लागलो. ताप येतसे, हात सुजतसे. आठ आणि आठ.

सोळा.

पुन्हा मोजले. सोळाच भरल्या. काही ओढाताण नाही, काही ठिगळ नाही. पुढे 'उतरे थोड्या दिवसी' हेसुद्धा साकीच्या उरलेल्या बारा मात्रांत नीट बसले.

इतकी वर्षे मी स्वतःला समजावत आलो होतो, की वृत्ताची अडचण होती, त्याला मी तरी काय करणार. ती अडचण मूर्तिजापूरच्या फलाटावर अर्ध्या मिनिटात सुटली. तेव्हाही सुटली असती. तेव्हा मी मोजून पाहिलेच नव्हते. 'ताप न काही' ऐकायला गोड होते, साहेबाला आवडणार होते, आणि सूज हा शब्द पद्यात शोभत नव्हता. एवढेच कारण होते.

गठाणींवर खुणा करणारा एक माणूस माझी बोटे पाहत होता. म्हणाला, "जप करून राहिले का महाराज?"

मी म्हणालो, "हो. चुकलेला होता, पुन्हा करतो आहे."

"होते बाप्पा या वयात," तो म्हणाला आणि मला एक बिडी देऊ लागला.

अमरावती

अमरावतीला एका जुन्या सहकाऱ्याकडे उतरलो. दात नाहीत हे कळल्यावर त्यांच्या पत्नीने मला ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीची भाजी करून घातली. ज्यांनी ती खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगतो : आंबट, मऊ, वर लसणाची फोडणी. दात असतानाही तीच खावी.

सकाळी भाजीबाजारात गेलो. एका शेवंतीवालीला विचारले, "सखाराम माळ्याचा मळा अजून आहे का?"

"मळा हाये, बुढा गेला. जनी पाहते आता. तिचा नवरा इथंच राहाले आला, भावाले दिसत नाई म्हनून. तिले पोट्टा झाला आता, लय वर्सांनी. नवसाचा हाये."

"त्याला देवी टोचली का?"

ती बाई हसली. "जनी? ते तं टोचनाऱ्याले दारात उभा करत नाई. आन् एलिचपूरकडे माता निंगाली म्हनते यंदा. टोचनारे येऊन राहिले गावोगाव. पर जनी नाई आयकाची. तुमी कोन तिचे?"

मी शेवंती विकत घेतली. फुले पिकवणाऱ्याच्या घरी फुले घेऊन जाणारा मीच, हे मोटारीत बसल्यावर लक्षात आले.

मळा

चांदूर बाजारच्या रस्त्यावर मोटारवाल्याने मला उतरवून दिले. दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा, मध्ये वांगी, मिरची, आणि कडेने पिवळाधमक झेंडू. इतकी वर्षे मनात ज्या जागेला मी भीत होतो ती दिसायला इतकी प्रसन्न असेल असे वाटले नव्हते. प्रसंगाला शोभेल असे गंभीर तोंड करून मी चालू लागलो, आणि विहिरीचे पाणी वाफ्यांकडे नेणारा दांड मला दिसला नाही. धोतरासकट गुडघ्याएवढ्या चिखलात बसलो.

"कोन पडलं बे दांडात?" झाडाखालून आवाज आला.

"मी."

"मी कोन?"

"अमरावतीचा मास्तर. जुना."

बाजेवर एक तरुण केळीच्या सोपाच्या धाग्यात झेंडू ओवत बसला होता. त्याची बोटे थांबली. चेहऱ्यावर व्रण, डोळ्यांच्या जागी पांढरे. त्याने मान माझ्याकडे वळवली आणि साकी म्हणायला सुरुवात केली. दोन्ही ओळी, चालीसकट. शेवटचे 'माया' त्याने दवंडीवाल्यासारखे लांबवलेसुद्धा.

"तेच ना तुमी?" तो म्हणाला. "बाबा म्हने लय वेळा. या, बसा. पडले तं पडले, वांगे नाई ना तुडवले?"

मी चिखलातच बसून त्याला सगळे सांगितले. डॉक्टरांचे वाक्य, मी ते गाळल्याचे, मूर्तिजापूरला मात्रा मोजल्याचे. पुण्यात मी या कबुलीसाठी मोठमोठी वाक्ये तयार केली होती, पण दातांशिवाय ती तोंडातून निघेनात. आखूड वाक्येच निघाली.

किसन ऐकून म्हणाला, "मंग मी काय करू म्हनता? डोये तं येत नाई वापस. मले काय सांगता तुमी? जनीले सांगा. तिले वाटते तिच्यापायी झालं."

"तिच्यापायी?"

"तिले टोचलं ना. मातेनं तिले ताप देल्ला, आन् उरलेला राग मायावर काढला. असं म्हनत होत्या बाया. तेवापासून ते डोक्यात घेऊन हाये. पोट्ट्याले टोचू देत नाई. म्हनते, एक डाव माया भावाचे डोये गेले, आता याले टोचलं तं कोनाचं जाईन?"

जना चुलीपाशी होती. पाळण्यात बाळ. तिने मला ओळखले नाही. किसनने सांगितल्यावर ओळखले आणि उठून पाटावर बसवले. पाहुणा कोणीही असो, वऱ्हाडात पाट आधी मांडतात.

मी पुन्हा सगळे सांगितले. तिने मध्ये एकदाच विचारले.

"म्हंजे तवाचा माया ताप, तो मातेचा नोता?"

"नाही. तो येणारच होता. सगळ्यांना येतो. डॉक्टरांनी लिहिले होते, मी काढून टाकले."

"काहून?"

पुण्यात मला कोणी असे विचारले असते तर मी तासभर बोललो असतो. पण वऱ्हाडातले 'काहून' फार सरळ असते. त्यातून बाजूने निसटता येत नाही.

"चांगले दिसेना म्हणून," मी म्हणालो.

तिने भाकर थापायला घेतली. हात असा पडत होता की परातीखालची जमीन हलावी. शेवटी म्हणाली, "माया बाप तुमाले वांगे फुकट दे. मास्तर हाये, म्हने. लिवते, म्हने." आणि भाकर माझ्या ताटात टाकली, कडक, खरपूस, ज्वारीची. मला दात नाहीत हे तिला दिसत होते. मी ती पाण्यात भिजवून खाल्ली, पूर्ण.

तिचा नवरा बाजारातून आला. त्याला मी टोचण्याबद्दल विचारताच तो हात जोडून म्हणाला, "मले इचारू नका बाप्पा. या घरात मी फक्त टोपल्या उचलतो."

रात्र मळ्यातच काढून दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघायच्या बेतात होतो. जना बाळ कडेवर घेऊन आली आणि समोर बसली.

"सांगा मले. समदं सांगा. काही काढू नका."

मी सांगितले. टोचताना बाळ रडेल. काही दिवस काहीच दिसणार नाही. मग तिथे लाल होईल, फोड येईल, त्यात पाणी भरेल, पू होईल. तेव्हा ताप येईल. काखेत गाठ येईल. बाळ चिडचिड करील, नीट पिणार नाही. मग ताप उतरेल, खपली धरेल, पडेल, आणि दंडावर जन्मभर खूण राहील. कोणाकोणाचा हात जास्त चिघळतो, तेव्हा डॉक्टरला दाखवावे लागते.

"आन् जीव?"

"माझ्या माहितीत टोचल्याने कोणाचा गेला नाही. पण माझी माहिती केवढी, ते तुला ठाऊक आहे. देवीने गेलेले मात्र मी मोजू शकत नाही, इतके पाहिले."

ती बराच वेळ बाळाचा दंड चोळत राहिली. गुबगुबीत, कोरा दंड. मग म्हणाली, "मंग तुमी जाऊ नका. इथंच राहा. तुमी म्हनता तसाच ताप आला तं आला. दुसरं काही झालं, तं मले समोर पाहिजे तुमी. तवा पुन्याले पयाले होते."

मी राहिलो.

टोचणारे गावच्या चावडीवर आले त्या दिवशी जना स्वतः निघाली. मी मागे. वाटेत विहिरीवरच्या बायांनी हटकले.

"काय वं जने, कोठी चालली?"

"टोचाले. मंग ताप येनार हाये याले."

"ताप येनार हाये, आन् चालली?"

"मंग! सांगून येनारा पाहुना हाये. रांधून ठेवता येते."

हे वाक्य मी हयातीत केलेल्या सगळ्या साक्यांपेक्षा बरे होते, आणि त्यात एकही मात्रा मोजलेली नव्हती. एक बाई मात्र म्हणाली, "हा बिनदाताचा बुढा कोन तिच्या मांगं?" जना म्हणाली, "हा तापाचा जामीन हाये."

मग सुरू झाली वाट. दुसऱ्याच्या लेकराला ताप यावा म्हणून डोळे लावून बसलेला असा म्हातारा जगात दुसरा झाला नसेल. सुरुवातीला काहीच दिसेना, हे मी आधी सांगितले होते. तरी मलाच धीर धरवेना. रोज सकाळी मी पाळण्यात वाकून पाही, आणि बाळ माझे नाक ओढून हसे. येणारे-जाणारे बांधावरून विचारत, "काय मास्तर, कोठी हाये तुमचा ताप? पुन्याहून पायी निंगाला का?" जना हसत नसे. ती रोज दंड पाही. लाल झाले तेव्हा मला दाखवले. फोड आला तेव्हा दाखवला. प्रत्येक वेळी एवढेच म्हणे, "हे म्हनले होते तुमी."

त्या दिवसांत मी झेंडू ओवायला शिकलो. किसन माझा हार बोटांनी चाचपून पाही आणि म्हणे, "हे साकी झाली मास्तर. वरून गोड, आतून सुटलेली. उसवा."

मग एके दुपारी बाळ दूध पिईना. जनाने त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि तिचा चेहरा असा झाला की मी उठून उभाच राहिलो. सगळी वर्षे त्या एका चेहऱ्यावर परत आली. तिने बाळाची काख चाचपली. गाठ लागली. तिने पुन्हा कपाळाला हात लावला, दंड पाहिला, माझ्याकडे पाहिले.

"हाच का?"

"हाच."

ती उठली, बाळाला घेऊन बांधापर्यंत गेली आणि पलीकडच्या मळ्याकडे तोंड करून, पोरगा झाल्याची बातमी सांगावी तसे ओरडली, "आला वं माय, ताप आला! म्हनला तसाच आला!"

किसनची बोटे थांबली होती. तो हळूच म्हणाला, "जने, म्हंजे तुया तवाचा बी असाच होता का?"

ती परत येऊन त्याच्याजवळ बाजेवर बसली. "असाच होता रे किसन. असाच होता." आणि मग ती रडू लागली. तिच्या मांडीवर तापलेले बाळ आणि शेजारी तिचा भाऊ, तिच्या पाठीवर हात फिरवत. मी विहिरीकडे गेलो. तिथे मला काही काम नव्हते.

ताप उतरला. टोचणारे गृहस्थ पुन्हा पाहणीला आले तेव्हा जनाच्या मागे विहिरीवरच्या आणखी तीन बाया आपली लेकरे घेऊन उभ्या होत्या. चौथी नुसती पाहायला आली होती. तिने आणले नाही. आणि मला जामीन राहण्याचा आग्रह झाला, पण तापाची माहिती आता जनाला माझ्यापेक्षा जास्त होती. ती त्यांना सांगत होती, काही न काढता.

वामनरावांना मी जनाची हकीकत आणि नवी ओळ पत्राने कळवली. परतताना अकोल्याला गाडी थांबली तेव्हा ते फलाटावर आले. हातावर रंगाचे डाग होते. "पुसली," ते म्हणाले. "माह्या हातानं. नवी ओळ काही तितकी गोड नाही, मास्तर." नागपूरहून आलेली माझी पिशवीही त्यांनी आणली होती. दात डबीत सुखरूप होते.

मळ्यातून निघताना किसनने स्वतः ओवलेला हार गळ्यात घातला होता. म्हणाला, "मास्तर, साकीपरीस ताप चांगला जमला तुमाले." जना टोपलीभर संत्री घेऊन मोटारीपर्यंत आली. टोपली माझ्या मांडीवर ठेवली आणि मोटार सुरू झाल्यावर दाराला धरून म्हणाली, "यंदाचे थोडे आंबट हायेत. आधीच सांगून ठेवते."

पुण्याला आल्यावर संत्रे हातात देण्यापूर्वी मी प्रत्येक शेजाऱ्याला सांगितले, थोडे आंबट आहे हो. सगळ्यांनी खाल्ली. तक्रार कोणी केली नाही.